हिशेब न ठेवणारे गाव

युरोपच्या सहलीस निघणारी आपल्याकडील कुटुंबे पॅरिसचा आयफेल मनोरा पाहतात, लूव्र संग्रहालयात दोन-तीन तास काढतात आणि तेथून स्वित्झर्लंडच्या हिमशिखरांकडे वळतात. फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागातील एका उंच पठारावर वसलेले ल शांबों-स्यूर-लीन्यों हे गाव सहसा सहल-कंपन्यांच्या पत्रकांत आढळत नाही. लोकवस्ती सुमारे अडीच हजार, समुद्रसपाटीपासूनची उंची जवळजवळ एक हजार मीटर, भोवती पाइनची राने आणि गुरांची कुरणे, गावाच्या अंगाने वाहणारी लीन्यों नावाची लहानशी नदी. पाहण्यासारखे काय, असे विचारल्यास उत्तर साधे आहे. एक प्रार्थनागृह, एका धर्मोपदेशकाचे घर, एक जुनी शाळा, काही वसतिगृहे, काही शेतघरे आणि एक स्मशानभूमी. यांपैकी एकाही वास्तूला शिल्पवैभव नाही. तरीही १९९० साली जेरुसलेम येथील याद वाशेम या स्मृतिसंस्थेने या गावाचा व परिसरातील वस्त्यांचा सामुदायिक गौरव केला. असा सामुदायिक मान मिळालेली गावे जगात दोनच आहेत. दुसरे नेदरलँड्समधील न्यूलांडे.

या गौरवाचे कारण असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यू स्त्री-पुरुष व मुले नाझींच्या छळछावण्यांकडे पाठविण्यात आली आणि त्यांतील सुमारे अडीच हजारच जिवंत परतली. त्याच काळात या पठारावरील शेतकरी, शिक्षक, दुकानदार आणि खाणावळवाल्या बायकांनी आपल्या घरांची दारे पळून आलेल्या माणसांसाठी उघडी ठेवली. आपल्या परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत अभयदानाचे स्थान मोठे आहे. ल शांबोंची सहल म्हणजे ज्या घरांत हे दान चार वर्षे अखंड चालले, ती घरे पाहणे होय.

पठार आणि त्याची आठवण

हे सारे याच गावात का घडले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. फ्रान्स हा बहुसंख्येने कॅथलिक पंथाचा देश. सोळाव्या शतकात तेथे प्रोटेस्टंट मताचा प्रसार झाला, तसा रक्तरंजित संघर्षही झाला. १५९८ च्या नांतच्या राजाज्ञेने प्रोटेस्टंटांना काही अधिकार मिळाले. परंतु १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ती आज्ञा रद्द केली. प्रार्थनागृहे पाडली गेली, धर्मोपदेशकांना देशाबाहेर घालविण्यात आले आणि आपला पंथ न सोडणाऱ्यांच्या वाट्याला तुरुंग किंवा जहाजावरील सक्तमजुरी आली. अशा काळात दुर्गम डोंगराळ भागांतील प्रोटेस्टंट कुटुंबे रानात, गुहांत, रात्रीच्या वेळी एकत्र येऊन प्रार्थना करीत. ल शांबोंचे पठार अशा भागांपैकी एक होते. एक शतकाहून अधिक काळ येथील घरांनी लपणे आणि लपविणे या दोन्ही गोष्टींचा अनुभव घेतला. नातवंडांना आजीच्या गोष्टींतून जे मिळाले, त्यात राजाच्या शिपायांपासून माणूस कसा वाचवावा हेही होते.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे आणि व्यापारी वाचकांना ते चटकन पटेल. या पठारावरची जमीन कसदार नाही आणि हिवाळा लांब व कठोर असतो. उत्तरेकडून येणाऱ्या बर्फाळ वाऱ्याला येथे ‘ब्यूर्ल’ असे खास नाव आहे. शेतीवर भागत नसल्याने लोकांनी जोडधंदा शोधला. सांत-एतिएन हे कोळशाच्या खाणींचे व कारखान्यांचे शहर सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तेथील पाद्री लुई कोंत यांनी १८९३ मध्ये कामगारांच्या अशक्त मुलांना उन्हाळ्यात पठारावरील शेतघरांत ठेवण्याचे कार्य सुरू केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अरुंद मापाची रेल्वे येथवर आली आणि उन्हाळी पाहुण्यांची वर्दळ वाढली. घरोघरी जादा खोल्या, पाठोपाठ खाणावळी, मुलांची वसतिगृहे उभी राहिली. परकी मुले सांभाळणे, अनोळखी माणसाला जेवू घालणे हा या गावाचा रोजचा व्यवसायच होता. संकट आले तेव्हा त्याच खोल्या आणि त्याच चुली उपयोगी पडल्या. दुर्गमतेनेही मदत केली. गावाच्या घाटरस्त्यावर गाड्या दिसू लागल्या की पुढच्या वस्तीला निरोप पोहोचविण्यास वेळ मिळत असे.

प्रार्थनागृह : दारावरील चार शब्द

गाव पाहण्यास प्रारंभ करावा तो प्रोटेस्टंट प्रार्थनागृहापासून. फ्रेंच प्रोटेस्टंट आपल्या प्रार्थनास्थानास चर्च न म्हणता ‘तांप्ल’ म्हणजे मंदिर म्हणतात. ही करड्या ग्रॅनाइट दगडाची साधी, जवळजवळ कोरडी वाटणारी इमारत आहे. आत मूर्ती नाहीत, चित्रे नाहीत. लाकडी बाके आणि प्रवचनाचा उंच चौथरा एवढेच. दरवाज्यावर फ्रेंच भाषेत ‘एकमेकांवर प्रेम करा’ अशा अर्थाचे वचन कोरले आहे.

१९३४ मध्ये आंद्रे त्रोक्मे हे पाद्री येथे रुजू झाले. तरुणपणी पहिल्या महायुद्धाचा संहार जवळून पाहिल्यामुळे ते शस्त्रत्यागाचे कट्टर पुरस्कर्ते बनले होते. त्यांचे सहकारी एदुआर तेइस यांचीही निष्ठा तीच. दोघांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये गावात एक माध्यमिक शाळा निघाली. मुले-मुली एकत्र शिकतील आणि शांततेचा विचार शिकविला जाईल असे तिचे स्वरूप होते. युद्धकाळात येथे येणाऱ्या निर्वासित मुलांना आणि शिक्षकांना सामावून घेताना ही शाळा फार मोलाची ठरली.

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने हिटलरच्या जर्मनीपुढे गुडघे टेकले व युद्धबंदीच्या करारावर स्वाक्षरी केली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या सकाळी याच चौथऱ्यावरून दोन्ही पाद्र्यांच्या वतीने जे प्रवचन झाले, त्याचा आशय असा होता की, अंतःकरणाविरुद्ध वागण्याची सक्ती झाल्यास आत्मिक शस्त्रांनी तिचा प्रतिकार करणे हे श्रद्धावंताचे कर्तव्य आहे, आणि हा प्रतिकार भीतीवाचून, गर्वावाचून आणि द्वेषावाचून करावयाचा आहे. देश हरला त्याच्या दुसऱ्या दिवशी, उद्या कोण राज्य करणार हे स्पष्ट नसताना हे शब्द उच्चारले गेले, ही गोष्ट लक्षात घ्यावी.

प्रार्थनागृहाच्या घंटेचीही एक हकिकत आहे. १९४१ च्या उन्हाळ्यात मार्शल पेतां यांच्या विशी सरकारने एका सरकारी समारंभानिमित्त घंटा वाजविण्याचा हुकूम काढला. घंटेची राखण करणाऱ्या वृद्ध बाईंनी ती वाजविण्यास नकार दिला. घंटा देवाची आहे, सरकारची नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मोठे नकार द्यायला शिकण्यापूर्वी माणसे अशा लहान नकारांवर हात बसवितात.

पाद्र्याचे घर : एक दार, एक बाई

प्रार्थनागृहापासून थोड्या अंतरावर पाद्र्याचे जुने दगडी घर आहे. ज्या एका घटनेपासून पुढचे सारे सुरू झाले, ती या घराच्या दारात घडली. पराभवानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एका बर्फाळ संध्याकाळी दारावर थाप पडली. त्रोक्मे यांच्या पत्नी माग्दा यांनी दार उघडले. बाहेर थंडीने गारठलेली, जर्मनीतून पळून आलेली एक ज्यू स्त्री उभी होती. आत येऊ का, असे तिने विचारले. माग्दाबाईंनी तिला आत घेतले, शेगडीजवळ बसविले, खाऊ घातले. तिचे भिजलेले जोडे वाळविण्यासाठी शेगडीपाशी ठेवले, तर ते जळून गेले. युद्धकाळात जोडे मिळणे महाकठीण. माग्दाबाई तिच्यासाठी जोडे आणि कागदपत्रे मिळतील या आशेने नगराध्यक्षांकडे गेल्या. परक्या माणसापायी सारे गाव धोक्यात घालू नका, तिला घालवून द्या, असे उत्तर त्यांना मिळाले.

नगराध्यक्षांचे म्हणणे अविचारी होते असे म्हणता येणार नाही. घरादाराची जबाबदारी असलेला कोणताही कर्ता पुरुष प्रथम असाच विचार करील. माग्दाबाईंनी त्यातून एवढाच बोध घेतला की यापुढे अशी कामे अधिकाऱ्यांना विचारून करावयाची नाहीत. पुढील काळात त्या दारावर थापा पडत राहिल्या आणि पाहुणा कोण, कोठला, हे विचारण्याआधी त्याच्यासाठी पान मांडले जाऊ लागले.

त्याच सुमारास आंद्रे त्रोक्मे मार्सेय शहरी जाऊन क्वेकर पंथाचे कार्यकर्ते बर्न्स चाल्मर्स यांना भेटले. छावण्यांत जाऊन तेथील कैद्यांची सेवा करावी असा त्रोक्मे यांचा विचार होता. चाल्मर्स यांनी वेगळाच प्रश्न पुढे ठेवला. दक्षिण फ्रान्समधील छावण्यांतून मुलांना बाहेर काढण्याची परवानगी मिळविता येते, परंतु त्यांना ठेवून घ्यायला कोणी तयार नाही. तुमचे गाव तयार आहे काय? खर्चाचा काही भार क्वेकर उचलणार होते. त्रोक्मे गावी परतले, चर्चच्या कारभारी मंडळापुढे प्रस्ताव मांडला आणि मंडळाने होकार दिला. त्या होकारातून वसतिगृहे भरू लागली. स्विस मदतसंस्थेचे तरुण कार्यकर्ते ऑगुस्ट बोनी यांच्या देखरेखीखाली ‘ला गेस्पी’, ‘लाब्रिक’, ‘फाइदोली’ ही घरे चालली. त्यांखेरीज गावात आणखीही अशी घरे होती. आज गावात फिरताना यांपैकी काही इमारती बाहेरून पाहता येतात. कित्येक आता खाजगी मालकीच्या आहेत, म्हणून रस्त्यावरूनच पाहाव्यात.

रिकाम्या परतलेल्या बसगाड्या

१६ व १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत पॅरिसच्या पोलिसांनी सुमारे १३,००० ज्यूंना पकडले. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. ही वार्ता पठारावर पोहोचली होती. १० ऑगस्ट रोजी विशी सरकारचे युवक खात्याचे प्रमुख झॉर्झ लामिरां गावाच्या भेटीस आले. पाहुणचार झाला, प्रार्थना झाली आणि त्यानंतर शाळेच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती एक पत्र ठेवले. पॅरिसमध्ये जे घडले ते आम्हांस कळले आहे. आमच्यात ज्यू विद्यार्थी आहेत. आम्ही ज्यू आणि अन्य असा भेद मानीत नाही. त्यांना नेण्याचा हुकूम आला तर आम्ही त्यांना लपवू. असा त्या पत्राचा स्पष्ट आशय होता.

त्याच महिन्याच्या अखेरीस पोलीस मोकळ्या बसगाड्या घेऊन गावात आले. निर्वासितांची नावे व पत्ते त्यांनी त्रोक्मे यांच्याकडे मागितले. त्यांनी ते दिले नाहीत. तोवर मुले व मोठी माणसे रानात आणि दूरच्या शेतघरांत पोहोचली होती. पोलिसांनी कित्येक दिवस मुक्काम ठोकून घरे, माळे, तळघरे धुंडाळली. एक-दोन माणसांपलीकडे कोणी हाती लागले नाही आणि आणलेल्या गाड्या जवळजवळ रिकाम्याच परत गेल्या.

१३ फेब्रुवारी १९४३ रोजी त्रोक्मे, तेइस आणि गावच्या शाळेचे प्रमुख रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. त्या संध्याकाळी पाद्र्याच्या घरी पोलीस आले तेव्हा जेवणाची वेळ होती. माग्दाबाईंनी त्यांनाही जेवायला बसविले. शत्रूला जेवू कसे घातले, असे पुढे कोणी विचारले की त्यांना त्या प्रश्नाचेच नवल वाटे. जेवणाची वेळ झाली होती, माणसे घरात होती, एवढेच त्यांचे उत्तर असे. अटकेची बातमी पसरताच गावकरी भेटी घेऊन रांगेने आले. मेणबत्ती, साबण, उबदार मोजे, अशा ज्या वस्तू त्या टंचाईच्या दिवसांत पैसे मोजूनही मिळत नसत, त्या लोकांनी घरातून काढून आणल्या होत्या.

सुमारे महिनाभराने छावणीतून सुटकेची वेळ आली तेव्हा सरकारशी निष्ठा राखण्याच्या कागदावर सही मागण्यात आली. त्रोक्मे आणि तेइस यांनी ती दिली नाही. आपण पाळणार नाही अशा वचनावर सही करणे त्यांच्या मनाला मान्य नव्हते. सही न करताही दुसऱ्या दिवशी त्यांना सोडण्यात आले.

मधमाश्यांच्या पेटीतील कागद

येथे सत्य आणि अहिंसा यांचा एक कठीण पेच समोर येतो. निर्वासितांना खऱ्या नावाने जगता येत नव्हते. शिधापत्रिका, ओळखपत्र, शाळेचा दाखला, सारे खोट्या नावाचे करावे लागे. ऑस्कर रोसोव्स्की नावाचा विशीतही न पोहोचलेला तरुण स्वतःच निर्वासित होता. गावाजवळच्या एका शेतघरात राहून तो रात्री बनावट कागद तयार करीत असे आणि दिवसा ते साहित्य शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांत दडविले जाई. झडतीला आलेला शिपाई तेथे हात घालण्यास सहसा धजत नसे.

खोटा कागद करणे हे व्यापारी पेढीवर आणि बँकेच्या मेजावर सारखेच निंद्य. त्रोक्मे यांनाही असत्य बोलण्याचा मनस्वी त्रास होई. माग्दाबाई मात्र त्या कागदांकडे जीव वाचविण्याचे साधन म्हणूनच पाहत. ज्या सत्यवचनाने निरपराध जीवाचा घात होतो ते बोलू नये, ही शिकवण आपल्याकडे नवी नाही. परंतु ग्रंथात ती वाचणे वेगळे आणि दारात शिपाई उभा असताना तिचा अर्थ ठरविणे वेगळे. या गावातील बहुतेकांनी मौनाचा मार्ग पत्करला. शेजारच्या घरात कोण आहे हे जाणून घ्यायचेच नाही, म्हणजे विचारले तरी सांगण्यासारखे काही उरत नाही. ज्या खेड्यात कोणाच्या घरी काय शिजले हे सर्वांस ठाऊक असते, तेथे हजारो दिवस पाळलेले हे मौन सोपे नव्हते.

प्रत्येक वेळी यश आले असे नाही. गावाबाहेरील ‘मेझों दे रोश’ या विद्यार्थी-वसतिगृहाकडे जाताना पर्यटकाची पावले मंदावतात. २९ जून १९४३ च्या पहाटे जर्मन पोलिसांनी ते वेढले. वसतिगृहाचे प्रमुख दानिएल त्रोक्मे हे आंद्रे यांच्या नात्यातील तरुण शिक्षक. त्या रात्री ते दुसऱ्या घरी मुलांजवळ होते. पळून जाण्यास वाट मोकळी होती. परंतु आपले विद्यार्थी पकडले जात आहेत हे कळल्यावर ते त्यांच्याकडे गेले आणि अठरा विद्यार्थ्यांसह पकडले गेले. एप्रिल १९४४ मध्ये पोलंडमधील मायदानेक छळछावणीत त्यांचा अंत झाला. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांनाही २० ऑगस्ट १९४४ रोजी, मुक्ती अगदी हाताशी आली असताना, लियों शहराजवळ सें-झेनी-लाव्हाल येथे इतर अनेक कैद्यांसह ठार करण्यात आले.

काम्यूचे शेतघर

साहित्यप्रेमी वाचकांसाठी आणखी एक स्थळ. गावापासून काही किलोमीटरवर, माझे-सें-व्वा या शेजारच्या गावाच्या हद्दीत ‘ल पानलिए’ नावाची जुनी तटबंद वाडी आहे. क्षयाने आजारी असलेले लेखक आल्बेर काम्यू १९४२ च्या ऑगस्टमध्ये विश्रांतीसाठी पत्नीच्या नातलगांच्या या वाडीत आले. नोव्हेंबरात दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरले, जर्मनांनी दक्षिण फ्रान्स व्यापला आणि अल्जीरियात परतलेल्या पत्नीपासून काम्यू तुटले. याच मुक्कामात त्यांनी ‘ला पेस्त’, म्हणजे ‘प्लेग’ या कादंबरीचे बरेचसे लेखन केले. ती १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. साथीने वेढलेल्या नगरात आपले काम शांतपणे करीत राहणारी माणसे तीत आहेत. ती लिहिली जात असताना आसपासच्या घरांत काय चालले होते, हे आठवले की त्या वाडीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

स्मृतिगृह, फलक आणि न मांडलेला हिशेब

प्रार्थनागृहासमोर, जुन्या शाळेच्या इमारतीत २०१३ मध्ये स्मृतिगृह उघडण्यात आले. छायाचित्रे, कागदपत्रे, वाचलेल्या आणि वाचविणाऱ्या माणसांच्या चित्रित मुलाखती येथे आहेत. दोन तास सहज लागतात. शाळकरी मुले बरोबर असल्यास त्यांना हे अवश्य दाखवावे, कारण येथील बरीच कथा त्यांच्याच वयाच्या मुलांची आहे. जवळच भिंतीवर १९७९ मध्ये ज्यू निर्वासितांनी कृतज्ञतेने बसविलेला फलक आहे. २००४ च्या जुलैमध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनी या गावी येऊन देशाच्या वतीने गावकऱ्यांचे स्मरण केले. गावच्या स्मशानभूमीत आंद्रे आणि माग्दा त्रोक्मे यांची साधी समाधी आहे. त्यांनी काढलेली शाळा मात्र २०१४ मध्ये बंद झाली.

येथे एक प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. एकूण किती माणसे वाचली? इतिहासकारांचे अंदाज सुमारे एक हजारापासून पाच हजारांपर्यंत जातात. नेमका आकडा देता येत नाही, कारण हिशेब ठेवलाच गेला नाही. नावांची यादी म्हणजे मृत्यूची हुंडी होती. ती पोलिसांच्या हाती पडली असती तर वटायला वेळ लागला नसता. म्हणून कोणी काही लिहिले नाही. युद्ध संपल्यावरही गावाने आपल्या उपकाराची वही उघडली नाही. वाचलेली मुले मोठी होऊन परत येऊ लागली आणि विचारू लागली, तेव्हा गोष्टी बाहेर आल्या. याच गावात १९४४ मध्ये जन्मलेल्या पियर सोव्हाज या ज्यू दिग्दर्शकाने पुढे गावावर माहितीपट केला. त्यात वृद्ध शेतकरी बायका कॅमेऱ्यासमोर संकोचताना दिसतात. यात सांगण्यासारखे विशेष असे काय, हाच त्यांचा भाव.

हिशेब देणाऱ्याने ठेवला नाही, घेणाऱ्याने मात्र ठेवला. डिसेंबर २०२० मध्ये एक नव्वद वर्षांचे गृहस्थ वारले. बालपणी ते आईवडिलांसह ऑस्ट्रियातून पळाले होते आणि १९४३ मध्ये या गावी आश्रयास आले होते. त्यांनी मृत्युपत्रान्वये आपल्या संपत्तीचा मोठा भाग ल शांबोंच्या नगरपालिकेस ठेवला. वर्तमानपत्रांनी ती रक्कम सुमारे २० लाख युरो सांगितली. गावातील तरुणांच्या व शिक्षणाच्या कामी ती लागावी अशी त्यांची इच्छा होती. सुमारे ७७ वर्षांनी झालेली ही परतफेड आहे. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर मुद्दल काय होते? एक पलंग, दोन वेळचे जेवण, शाळेतील एक बाक. त्यावर व्याजाचा दर कोणत्या पेढीने लावावा?

प्रवासाच्या काही सूचना

पॅरिसहून वेगवान रेल्वेने लियों शहर सुमारे दोन तासांवर आहे. तेथून सांत-एतिएनला रेल्वेने पाऊण तासात पोहोचता येते. पुढचा घाटरस्ता बसने किंवा भाड्याच्या मोटारीने करावा. बसच्या फेऱ्या थोड्या असल्याने वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. कुटुंब मोठे असल्यास मोटार सोयीची. पठारावरची जुनी अरुंद मापाची रेल्वे आता हंगामात पर्यटकांसाठी धावते आणि एकेकाळी निर्वासित मुले ज्या स्थानकावर उतरली, ते स्थानक त्या मार्गावर आहे. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ते अवघड होतात व बरीच ठिकाणे बंद असतात. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांना मे अखेर ते जून हा काळ योग्य. तेव्हा कुरणे फुललेली असतात. संध्याकाळी मात्र गारवा असतो, म्हणून लोकरीचे कपडे बरोबर असू द्यावेत. स्मृतिगृहाचे वार व वेळा हंगामानुसार बदलतात. त्यांची चौकशी निघण्यापूर्वी करावी.

आहाराच्या बाबतीत सावध राहावे लागते. या प्रदेशाची हिरवी मसूर सर्व फ्रान्समध्ये नावाजलेली आहे. परंतु उपाहारगृहात ती बहुधा डुकराच्या मांसासह शिजवितात. म्हणून मागविण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. फ्रेंच चीज बनविताना पुष्कळदा वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, हेही ध्यानात असावे. कोरडी मसूर बाजारातून विकत घेऊन स्वयंपाकघर असलेल्या निवासात शिजविणे उत्तम. शेजारच्या आर्देश प्रांतातील चेस्टनटचा गोड मुरंबा, ताजी फळे आणि पाव येथे सहज मिळतात. खाकरे, भाजणी आणि मेतकूट घरून न्यावे.

एक दिवस अधिक असल्यास सुमारे ४५ किलोमीटरवरील ल प्वी-आं-व्हले हे तीर्थनगर पाहावे. तेथे ज्वालामुखीच्या सुळक्यावर, २६८ पायऱ्या चढून गेल्यावर, हजार वर्षांपूर्वीचे लहानसे प्रार्थनामंदिर आहे. ल्वार या फ्रान्समधील सर्वांत लांब नदीचा उगमही मोटारीने फार दूर नाही.

निघण्यापूर्वी पुन्हा एकदा पाद्र्याच्या घराच्या दाराशी थांबावे. दार अगदी साधे आहे. घरी परतल्यावर मुले विचारतील की, आपल्या दारावर रात्री अशी थाप पडली असती तर आपण काय केले असते? वडीलधाऱ्यांनी घाईने उत्तर देऊ नये. नगराध्यक्षांचे उत्तर आपल्याही ओठांवर येऊ शकते, हे प्रामाणिकपणे मान्य करावे आणि मग त्या बर्फाळ संध्याकाळची, जळालेल्या जोड्यांची गोष्ट मुलांना सावकाश सांगावी.